गोष्ट कोण सांगतंय?

चिमणराव आमच्या गावात टीव्हीच्या आधी पोहोचला. १९७७ साली मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणलं, तेव्हा वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत टीव्ही कुणी पाहिलेलाही नव्हता. पण माझा मामा गिरगावात राहायचा. त्याच्या चाळीत एका बिऱ्हाडात टीव्ही होता आणि मालिकेच्या वेळी त्या बिऱ्हाडाचं दार सगळ्या मजल्याला उघडं असायचं. मे महिन्यात चाकरमानी गावाला आले, की रात्री जेवणं आटोपून माणसं खळ्यात बसायची आणि मामा एकेक भाग सांगायला घ्यायचा. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव कसा बोलतो, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मध्येच कसा येऊन ठाकतो, चिमणरावाची बायको काऊ काय म्हणते, सगळ्यांचे आवाज तो काढायचा. आवडलेला भाग लोक दुसऱ्या रात्री पुन्हा सांगायला लावत. दुसऱ्या रात्री तो थोडा लांबलेला असे आणि गुंड्याभाऊ चक्क मालवणीत बोलत असे. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

पुस्तक मी नंतर वाचलं. मालिकेचे जुने भाग तर त्याहून कितीतरी नंतर, सह्याद्री वाहिनीवर पाहिले. ऐकलं, वाचलं आणि मग पाहिलं, असा माझा क्रम झाला, आणि या क्रमामुळेच बहुधा एक प्रश्न माझ्या मागे लागला तो कायमचा. पुस्तकात चिमणराव स्वतः बोलतो. स्वतःची फजिती तो इतक्या सभ्यपणे, इतक्या गंभीरपणे मांडतो की हसू येतं ते त्या मांडण्याचं. घडलेला प्रसंग त्यामानाने साधाच असतो. पडद्यावर प्रसंग दिसतो, पण मांडणारा दिसत नाही. मग ते हसू आणायचं कुठून? प्रभावळकरांनी ते चेहऱ्यावर आणलं. आजूबाजूला गोंधळ माजलेला असताना आपलं सगळं रीतसर चाललंय असा जो विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर असतो, तो थेट पुस्तकातल्या वाक्यांतून आलेला आहे. सांगणारा चिमणराव गेला नव्हता. तो नटाच्या आत जाऊन बसला होता.

साहित्यावरची कुठलीही मालिका पाहताना मी हेच शोधते. कथानक किती बदललं, कुठलं पात्र गाळलं, यावरून भांडणारी माणसं मला भेटतात आणि त्यांचं चूक आहे असंही मी म्हणत नाही. पण लेखकाच्या तोंडून गोष्ट काढून घेतल्यावर ती कुणाच्या तोंडी दिली, हे मला आधी पाहायचं असतं.

याचं मूळ आमच्या जत्रेत असावं. दक्षिण कोकणात गोष्ट पाहायची सवय टीव्हीने लावलेली नाही, ती दशावताराने लावली. देवळाच्या आवारात मांडव, त्यात एक लाकडी बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. बस्स, एवढाच पसारा. आधी आडदशावतार होतो, सूत्रधार येतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी आणि सरस्वती येतात, काळ्या बुरख्याचा संकासुर पोरांना घाबरवून जातो. मग आख्यान लागतं ते पहाटेपर्यंत. आख्यान पुराणातलं, म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं. संवाद मात्र कुठेही लिहिलेले नसतात. कंपनीचा मालक संध्याकाळी कथा सांगतो, कोण काय करणार ते वाटून देतो, आणि तोंडाला रंग लावलेले नट उभ्या उभ्या बोलत जातात. द्रौपदी होणारा पुरुष सकाळी स्वतःच्या भाताच्या कुणग्यात चिखलात उभा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रात्री त्याने पदर पसरला की बायका रडतात.

त्यामुळे ‘मूळ कथेशी प्रामाणिक’ हे माप आमच्याकडे कधी लागू पडलंच नाही. कथा सगळ्यांचीच. आजचा राजा तिला कुठवर घेऊन गेला, त्याच्या तोंडचा सवाल-जबाब कसा झाला, आख्यानाला तो न्याय देऊ शकला का, यावर दुसऱ्या दिवशी तिठ्यावर चर्चा चालते. ठाऊक असलेल्या कथेच्या पुढे जाऊन नटाने काहीतरी घालायचं असतं आणि तरी आख्यान आख्यानच राहायला हवं, ही अट सगळ्यांना मान्य असते. या अटीचा विचार मी पुढे पुष्कळ केला. दिल्ली-मुंबईत बसून कादंबरीची मालिका करणाऱ्यांनाही शेवटी हीच अट असते.

आमच्या वाडीत टीव्ही आला तो रामायणाच्या जरा आधी. खाऱ्या वाऱ्याने अँटेना वर्षभरात गंजायचा, पावसाळ्यात वीज जायची, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की एक पोरगा कौलांवर चढून आधी उजवीकडे मग डावीकडे तो दांडा फिरवत राहायचा. रामानंद सागरांचं रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं, रविवारी सकाळचे ७८ भाग. त्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी फार थांबत नाही. टीव्हीला हार घालणारे आमच्याकडेही होते. चातुर्मासात संध्याकाळी जिथे पोथी वाचली जायची, त्याच पडवीत टीव्ही ठेवला होता. माणसांनी जागा तीच धरली आणि बसायची रीतही तीच, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या.

महाभारत आलं तेव्हा मात्र काहीतरी नवीन घडलं. २ ऑक्टोबर १९८८ च्या पहिल्या भागात माणूस दिसायच्या आधी आवाज आला. मी समय आहे, असं सांगणारा. आमच्या शेजारचे एक वयस्कर दशावतारी, ज्यांनी आयुष्यभर संकासुर केला होता, ते टाळी देऊन म्हणाले, “ह्यो आमचो सूत्रधार मरे!” आवाज हरीश भिमाणींचा होता आणि लिखाण राही मासूम रझांचं. व्यासांनी सांगितलेली, वैशंपायनाने सांगितलेली, सूताने सांगितलेली अशी सांगण्यातच गुंफलेली ही कथा आहे. तिला सांगणारा नसता तर तो नुसता लढायांचा आणि राजवाड्यांचा देखावा झाला असता. रझांनी काळालाच बोलतं केलं. ९४ भाग झाले, आणि मला आज त्यातले मुकुट आणि बाण फारसे आठवत नाहीत, तो आवाज आठवतो. बी. आर. चोप्रांच्या मालिकेतला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता, असं मी मनापासून मानते.

त्याच सुमारास श्याम बेनेगलांचं ‘भारत एक खोज’ चालू होतं. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं पुस्तक, आणि तेही कादंबरी नव्हे, इतिहासाचं चिंतन. याचे ५३ भाग करायचे! बेनेगलांनी रोशन सेठना नेहरू म्हणून उभं केलं आणि विचार करता करता बोलायला लावलं. ओम पुरी निवेदन करायचे, तेच मध्ये दुर्योधन व्हायचे, तेच औरंगजेब व्हायचे. निवेदकाने उठून पात्र व्हावं आणि पुन्हा येऊन निवेदक व्हावं, यात आमच्या गावात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

‘मालगुडी डेज’वर मात्र मला थांबायचं आहे.

शंकर नाग यांनी ती मालिका कर्नाटकातल्या आगुंब्याला चित्रित केली. आगुंबे सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, समुद्र तिथून दूर आहे. पण पाऊस आमच्यासारखाच बेफाम, कौलं तशीच, शेवाळलेली गडगी तशीच. आर. के. नारायण यांनी मालगुडी मनाने वसवलेलं गाव, नकाशावर नसलेलं. आम्ही मात्र ते पाहिल्याबरोबर आपलंच म्हणून घेतलं. मालिकेतला शाळकरी पोरगा स्वामी शाळेला जातो ती वाट आमच्या शाळेची होती. मंजुनाथचा स्वामी अंगणात उभा राहून वडिलांची चाहूल घेतो आणि गिरीश कर्नाडांनी केलेले वडील नुसते बघतात, तेव्हा आमच्या पडवीतली सगळी पोरं पाय आखडून घ्यायची. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ मध्ये इंग्लंडात छापून आली होती, इंग्रजीत लिहिलेली. पन्नासेक वर्षांनी ती हिंदीतून आमच्या पडवीत आली, आणि तरी तिच्यात कुठे परकेपणा राहिला नव्हता.

याच नारायण यांच्या ‘गाइड’वर १९६५ मध्ये हिंदी चित्रपट निघाला होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला, त्यातली गाणी आजही घरोघर आहेत. पण नारायण दुखावले. आपलं मालगुडी टाकून गोष्ट राजस्थानच्या महालांत आणि झगमगाटात नेली याबद्दल त्यांनी पुढे एक सविस्तर लेखच लिहिला. मी तो वाचला तेव्हा मला ‘मालगुडी डेज’चं मोल नीट कळलं. नारायण यांचा आवाज हळू आहे. तो कुणावर रागावत नाही, कुणाची कड घेत नाही, बाजूच्या घराच्या ओसरीवरून पाहावं तसा पाहतो. तो आवाज महालात ऐकू येणार नाही. त्याला अर्ध्या तासाची गोष्ट हवी, लहान गाव हवं, आर. के. लक्ष्मण यांच्या रेघा हव्यात आणि एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुणायला सोपी धून हवी. लेखकाचा आवाज कधी कधी जागेत असतो. जागा हलवली की तो जातो.

असं दुःख आम्हा वेंगुर्लेकरांच्याही वाट्याला आलेलं आहे. चिं. त्र्यं. खानोलकर याच तालुक्यातले. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा म्हणून किनारा आहे, खडकांवर लाटा आपटतात, पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही. त्या नावाची त्यांची कादंबरी १९६६ ची. श्याम बेनेगलांनी तिच्यावर १९७८ मध्ये चित्रपट केला, हिंदीत आणि तेलुगूत, आणि गोष्ट आंध्रातल्या गावात नेली. मी तो टीव्हीवर पाहिला. अनंत नाग आहेत, स्मिता पाटील आहेत, काम जीव ओतून केलेलं आहे. ज्या दिग्दर्शकाने नेहरूंचा आवाज इतका जपला, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. तरीही सबंध वेळ मी त्या पडद्यावर माझा समुद्र शोधत राहिले. खानोलकरांच्या वाक्यात जी ओल आहे, देवाची जी भीती आहे, ती या खडकांतून, या रवळनाथाच्या आणि वेतोबाच्या देवळांतून, गावऱ्हाटीतून, म्हणजे गावाच्या देवधर्माच्या रीतींतून आलेली आहे. खानोलकर १९७६ मध्येच गेले. त्यांना तो पाहता आला नाही. आला असता तर ते काय म्हणाले असते, याचा विचार कोंडुऱ्यावर गेलं की हटकून येतो.

‘तमस’बद्दल लिहिताना हात जरा जड होतो. जानेवारी १९८८. गोविंद निहलानींची मालिका, भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंग्यांची. ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला. न्यायमूर्तींनी आधी सगळे भाग बघितले आणि मालिका चालू राहू दिली. आमच्या पडवीत तेव्हा शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक मावशी आणि त्यांची सून नेहमी यायच्या. ‘तमस’ लागणार म्हटल्यावर काही घरांनी कुजबुज केली, त्यांना बोलवायचं की नाही. आई म्हणाली, रोज येतात तशा येतील. आल्या. जीव वाचवत निघालेलं म्हातारं शीख जोडपं एका घराचं दार ठोठावतं, घरात बाई असते, आणि तिचा नवरा बाहेर लुटीला गेलेला असतो. तो परत येतो ते या जोडप्याच्याच दुकानातली ट्रंक डोक्यावर घेऊन. सुरेखा सिक्रींनी ती बाई केली आहे. त्या दारात क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे चालतं त्याला कुठलाच शब्द पुरत नाही. माझ्या काकूने न राहवून त्या मावशींना विचारलं, तुम्ही काय केलं असतंत? मावशी चिडल्या. हा काय प्रश्न झाला, म्हणाल्या, दारात म्हातारी माणसं उभी आहेत. आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

तो म्हातारा हरनामसिंग म्हणजे स्वतः भीष्म साहनी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. रावळपिंडीत दंगे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे कादंबरी लिहिली, आणि ती पडद्यावर येताना स्वतः तिच्यात बेघर होऊन चालले. कादंबरीतला नथू मध्येच मागे पडतो. निहलानींनी ओम पुरींच्या नथूला आणि त्याच्या बायकोला धरून शेवटपर्यंत गोष्ट नेली. बदल मोठा आहे. कादंबरी शहराची आहे, मालिका त्या माणसांची झाली. पण लेखक स्वतःच त्या वाटेवर पाय ओढत चाललेला असताना, त्याच्या तोंडून गोष्ट काढून घेतली असं मला म्हणवत नाही.

‘स्वामी’ची गोष्ट वेगळी. रणजित देसाईंची ती कादंबरी आमच्या घरात आईने आणि दोन्ही मावश्यांनी पानं सुटेपर्यंत वाचली होती. गजानन जागीरदारांनी मालिका केली, रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव रमाबाई. तेव्हापासून आमच्याकडे कुणालाच दुसरा माधवराव दिसत नाही. मनातला चेहरा पुसला जातो ही तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर नाही. धाकटी मावशी सांगते, मालिकेच्या आधी तिच्या माधवरावांचा चेहरा तिच्या आजोबांच्या तरुणपणीच्या फोटोसारखा होता. तो आता तिला काही केल्या आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाची आली होती. तिने मोबाइलवर १९९५ ची बीबीसीची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ लावली, सहा भागांची, आणि आई चष्मा पुसून शेजारी बसली. इंग्रजी कळत नाही, भाची सांगत होती. पाच मुली, मुलगा नाही, म्हणून बापाच्या पश्चात घरदार लांबच्या चुलतभावाकडे जाणार, हे कळल्यावर आईला पुढचं फारसं सांगावंच लागलं नाही. “पाच चेडवां आणि घर भलत्याच्या नावावर!” एवढं म्हणून ती जी सरसावून बसली, ती सहावा भाग संपेपर्यंत. खोताच्या घरातली भाऊबंदकी तिने जन्मभर पाहिली आहे. तो चुलतभाऊ कॉलिन्स पडद्यावर आला की ती आमच्यातल्या एका भावकीचं नाव घ्यायची. मला त्यात आवडलेली गोष्ट दुसरीच. जेन ऑस्टेनच्या कादंबरीचं ते प्रसिद्ध पहिलं वाक्य, श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते असं सांगणारं, निवेदिकेचं आहे. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी ते एलिझाबेथला देऊन टाकलं. ती ते घरच्यांशी बोलताना हसत म्हणते. लेखिकेचं तिरकस बघणं त्या मुलीच्या डोळ्यांत गेलं आणि सहा भाग तिथेच राहिलं. मला एकदम प्रभावळकर आठवले.

आता मराठी वाहिन्यांवर रोज मालिका असतात. त्यांना साहित्य नको आहे असं नाही, पण रोजच्या भागाला रोजचा धक्का हवा, आणि कादंबरीत तो नसतो. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली भुतांची मालिका गाजली, माणसं गाड्या भरभरून तो वाडा बघायला येतात. येऊ देत. पण कोकण म्हणजे भूत, गजाली आणि समुद्रावरचा सूर्यास्त एवढंच होऊन बसलं आहे, याचा मला त्रास होतो. इथे श्री. ना. पेंडश्यांनी ‘तुंबाडचे खोत’ लिहून ठेवली आहे. १९८७ चे दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठचं एक घराणं आणि त्याच्या चार पिढ्या. तिला अडीच तासांचा चित्रपट पुरणारच नाही, तिला आठवड्याला एक भाग असा वर्षभर वेळ हवा. पेंडसे मोठं लिहितात पण सावकाश लिहितात, खाडीतून पडाव वल्हवत न्यावा तसं, आणि ती चाल बिघडवली तर घराण्याचा उतार हा नुसता अपघातांचा ढीग होईल.

आणि ‘पडघवली’. गो. नी. दांडेकरांची १९५५ ची कादंबरी, जी अंबावहिनी सांगते. लग्न होऊन त्या गावात आलेली बाई, गाव ओस पडताना बघते आणि सांगत राहते. झाडं, औषधी पाले, सणवार, माणसांच्या खोडी, व्यंकूभावजींची दुष्टाई, सगळं तिच्या बोलीत. अंबावहिनी गप्प झाली आणि नुसता कॅमेरा फिरला, तर सुपारीच्या बागा सुंदर दिसतील आणि कादंबरी हाती लागणार नाही. ती करायची तर एका बाईने पडद्यावर बसून, थेट आपल्याकडे बघत, सांगायला हवी. पु. ल. देशपांडे अंतू बर्वा सांगायचे तशी. तिथे रत्नागिरीही नव्हती आणि अंतूही नव्हता. एक माणूस, एक माइक. तरी अंतूशेट आला नाही असं कधी झालं नाही.

आईची नजर आता अधू झाली आहे, म्हणून सध्या संध्याकाळी मी तिला ‘पडघवली’ मोठ्याने वाचून दाखवते. ती बोली आमची नाही, तिकडची उत्तरेकडची आहे, त्यामुळे आई मध्येच थांबवून एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावते आणि आमच्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगते. परवा तिने माणसंही ठरवायला घेतली. व्यंकूभावजीसाठी तिच्या मनात आमच्याच एका दशावतारी कंपनीतला राजपार्टी करणारा नट आहे. मी म्हटलं, तो राजा करतो, हा तर गावातला साधा माणूस. “मगे काय झाला? राजा करणाराक सगळा येता,” ती म्हणाली. अंबावहिनी कोण, ते अजून ठरत नाही. तीन नटींची नावं घेऊन झाली आणि तिघींनाही तिने नाकारलं. दिसायला बऱ्या आहेत, म्हणते, पण त्यांनी कधी कुणाला गोष्ट सांगितलेली दिसत नाही.